हवामानाचा आकडा चोख हवा

शेजारच्या रावेर तालुक्यात केळीच्या हवामान आधारित विम्यात थंडी-उष्णतेची भरपाई महसूल मंडळातल्या यंत्राच्या आकड्यावर ठरते. बाग करपली तरी आकडाच ग्राह्य. केंद्राच्या २०२३ च्या 'विंड्स' उपक्रमानुसार तालुक्यांत स्वयंचलित केंद्रे व ग्रामपंचायतींत पर्जन्यमापक बसवायचे आहेत. आपल्या निंबोल्यानेही त्यासाठी तयार असावे.

तापमापक पत्र्या-काँक्रीटजवळ असेल तर उष्णता जास्त दाखवतो. झाडाखालचा पर्जन्यमापक पाऊस कमी मोजतो. म्हणून अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडतात. नरसाळ्यात पालापाचोळा साचला तरी नोंद चुकते.

बँकेत आम्ही रोकड रोज जुळवत असू. तसेच यंत्राची जागा ग्रामसभेत ठरवू या, शेजारी साधा मापक ठेवून वहीत रोज नोंद करू या. दावा फेटाळल्यावर भांडण्यापेक्षा हे सोपे.