दोन घरं, एक नातं आणि हॉस्पिटलचा फॉर्म

सोसायटीच्या वॉचमनला माहीत असतं, समोरच्या काकूंना माहीत असतं, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही माहीत असतं. फक्त कागदावर कुठेच नसतं. आपापल्या घरात राहून एकमेकांचे असलेल्या जोड्यांबद्दल बोलतोय मी.

माझ्या ओळखीतल्या एक ताई सहकारनगरात राहतात, त्यांचे सोबती कोथरूडला. दोघंही साठीच्या पुढचे, दोघांचेही जोडीदार गेलेले. नाटक एकत्र, डॉक्टरकडे एकत्र, रात्री गोळी घेतली का म्हणून फोन. लग्न नको, कारण दोन्हीकडच्या मुलांना इस्टेटीची धास्ती. एका घरात राहणंही नको, कारण इतक्या वर्षांचं देवघर, शेजार आणि सवयी कोण मोडणार? पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये 'हॅपी सीनियर्स' सुरू करून ज्येष्ठांच्या सोबतीचा विषय उघड मांडला. म्हणजे गरज काही आजची नाही.

"मग सरळ लग्नच का नाही करत?" असं विचारणारे भेटतातच. अहो, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. आपण सगळ्यांनी विचार करायचा तो वेगळ्याच प्रश्नाचा. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर "तुम्ही पेशंटचे कोण?" असं विचारलं, तर या माणसाने काय सांगायचं?

कायदा छप्पर बघतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्याला संरक्षण आहे, पण एका घरात राहिल्याची अट आहे. नुसते शनिवार-रविवार एकत्र घालवले म्हणून ते नातं धरता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात स्पष्ट केलं. वारसा हक्कात तर लग्नाशिवायच्या जोडीदाराला जागाच नाही. लग्न करून वेगळे राहणाऱ्यांचं नातं निदान कागदावर शाबूत असतं. बाकीच्यांचं काय?

गंमत म्हणजे तोडगा आपल्याच कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कुणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. तो नातेवाईकच हवा अशी सक्ती नाही. मनाच्या आजारात हे चालतं, मग हार्ट अटॅकला का नको? माझी मागणी एवढीच आहे: प्रत्येक हॉस्पिटलच्या भरतीच्या फॉर्मवर 'पेशंटने निवडलेली व्यक्ती' असा रकाना हवा, आणि राज्य सरकारने त्याला कायद्याचं बळ द्यावं. एकट्या राहणाऱ्या किंवा मुलं परदेशात असलेल्या आई-वडिलांनाही तो उपयोगी पडेल.

तोवर आपल्या हातातलं तरी करू या. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बँकेत नॉमिनी कुणालाही करता येतं, मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे ध्यानात ठेवा. आणि मुलांना एकदा समोर बसवून सांगा, "मला काही झालं तर आधी यांना फोन करा."

मुलांनो, तुम्हीही तो नंबर आजच सेव्ह करा. इस्टेटीचं मृत्युपत्रात ठरेल. आयसीयूच्या दारात मात्र त्या माणसाला परकं ठरवू नका.