नियम जसा, तसे यंत्र

वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा आणि शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरमधील पुष्कळ मुलांना सिलिंडर, दट्ट्या, झडप हे शब्द पाठ्यपुस्तकात येण्यापूर्वीच घरात ऐकून ठाऊक असतात. आजच्या बहुतेक मोटारींत प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असतात. ही रचना शर्यतींत नावारूपाला आली. त्या हकिगतीतून आपल्या शाळांतील विज्ञान प्रदर्शनांनाही काही घेता येईल, असे मला वाटते.

आरंभीच्या मोठ्या शर्यतींत गाडीचे वजन १,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा नियम होता. कारखानदारांनी काय केले? एंजिन प्रचंड ठेवले आणि सांगाडा जमेल तितका हलका केला. अशा गाड्या, धूळ आणि रस्त्यावरची गर्दी यांमुळे १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत माणसे दगावली. ती बोर्दो येथेच थांबवावी लागली. पुढे छोट्या गाड्यांच्या शर्यतींत सिलिंडरच्या व्यासावर मर्यादा आली, तेव्हा दट्ट्याची धाव वाढली. १९१० च्या एका लिऑन-पेजो गाडीत व्यास ८० मिलिमीटर, तर धाव २८० मिलिमीटर होती!

१९१२ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये फियाटचे एंजिन १४.१ लिटरचे होते, पेजोचे ७.६ लिटरचे. जिंकली पेजो. का? मोठी झडप जड असते. एंजिन वेगाने फिरू लागले की तिला वेळेवर मिटवणे स्प्रिंगला जमत नाही. दोन मोठ्या झडपांऐवजी चार लहान बसवल्या, तर प्रत्येक झडप हलकी होते आणि वायूला वाटही अधिक मिळते. पेजोने नेमके हेच केले होते. १९१३ मध्ये नियम आला, की १०० किलोमीटरला २० लिटरच इंधन मिळेल. पेजोने ५.६ लिटरच्या एंजिनावर तीही शर्यत जिंकली.

तात्पर्य, नियम जसा असेल तसे यंत्र घडते. मग आपल्या प्रदर्शनांचा नियम कोणता? पुष्कळदा तो अलिखित असतो: जे मोठे, रंगीत आणि लखलखते, त्याला बक्षीस. साहजिकच विकतची प्रतिकृती पुढे जाते आणि ज्याच्या घरी पैसा कमी, त्याची कल्पना कोपऱ्यात राहते.

शिक्षकांनी एक शर्यत ठेवून पाहावी. प्रत्येकाला सारखाच एक रबरबँड द्यावा आणि तो ठरलेल्या लांबीपर्यंतच ताणू द्यावा. गाडी टाकाऊ वस्तूंची असावी. जी सर्वांत दूर जाईल, ती पहिली. हा पोरखेळ नव्हे. सर्वांना ऊर्जा सारखीच मिळाली, की फरक पडतो तो आसाच्या घर्षणाने, चाकाच्या व्यासाने आणि वजनाने, म्हणजेच विचाराने. एखादी विद्यार्थिनी नियमातली फट शोधून काढील. तिला बाद करू नये. तिचे कौतुक करावे आणि पुढच्या वर्षी नियम सुधारावा. शर्यतींचे नियमही असेच सुधारत गेले.

आणि मुलांनो, गाडीत एका वेळी एकच गोष्ट बदला, अंतर मोजा, वहीत लिहा. ती वही गाडीशेजारी मांडा. परीक्षकांनी गाडीआधी वही वाचावी, असा नियम एखाद्या शाळेने अवश्य करून पाहावा.