नकली चीजची बाजू

अमेरिकेतल्या आम्हा मराठी मंडळींच्या प्रत्येक पार्टीत एक तरी चीजतज्ज्ञ असतोच. स्लो कुकरमधलं पिवळंधमक डिप पाहिलं की तो नाक मुरडतो. "वेल्व्हीटा? हे काय चीज आहे?"

नाहीच मुळी! खोक्यावरही 'चीज प्रॉडक्ट' एवढंच लिहिलेलं असतं. पण पार्टीतल्या डिपला चवीइतकंच आणखी एक काम असतं: उशिरा येणाऱ्या पाहुण्यांची वाट पाहणं. तुमचं ते मुरलेलं अस्सल चेडर नुसतं तापवत ठेवा. थोड्याच वेळात तेल वर आणि गोळा खाली! वेल्व्हीटात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते प्रथिनं आणि स्निग्धांश यांचा संसार मोडू देत नाहीत. अर्धा किलो वेल्व्हीटाचे तुकडे, टोमॅटो-मिरचीचा एक डबा, 'लो'वर दोनेक तास, मग 'वॉर्म'. झालं. मक्याच्या चिप्स घ्या आणि बुडवा.

आता खरा मुद्दा. 'गरमागरम' हा शब्द आपण फार लाडाने उच्चारतो. पण गरम पुऱ्यांच्या प्रत्येक पंगतीमागे कढईपाशी बहुधा एक बाईच उभी असते. ती जेवायला बसते तेव्हा पुऱ्या आणि गप्पा दोन्ही गार झालेल्या असतात. १९७१ साली 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आलेल्या या भांड्यापाशी कुणालाच ताटकळावं लागत नाही. यजमीणबाई चक्क पाहुण्यांत बसते!

तेव्हा चीजतज्ज्ञहो, अस्सल चीज अवश्य आणा. फक्त ढवळायलाही तुम्हीच उभे राहा!