भावाचं प्रगतीपुस्तक

चिखली तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी एकतीस वर्षं शिकवलं. दर सत्राला प्रगतीपुस्तकं भरायची. ‘वाचन अडखळत, पण प्रयत्न आहे’, ‘आता वर्गात बोलतो’ असं काहीबाही लिहायचं आणि पालकांची सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा. माझा सख्खा धाकटा भाऊ नऊ वर्षं बंदिस्त मनोरुग्णालयात होता. त्या नऊ वर्षांत त्याचं कुठवर आलं, हे सांगणारा एकही कागद कोणी माझ्यापुढे सहीसाठी ठेवला नाही.

२००९ चा नोव्हेंबर. हरभऱ्याची पेरणी चालली होती. भावाने आमच्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या, डोक्यात पावडा घातला. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. ते आमच्या विहिरीत विष टाकतात, असं त्याच्या मनाने वर्षभरापासून घेतलं होतं. घरचं पाणी तो प्यायचा नाही. वेशीबाहेरच्या हापशीवरून बाटली भरून आणायचा आणि कोणी उघडली तर कळावं म्हणून झाकणाला पांढरा दोरा गुंडाळून ठेवायचा. ती बाटली वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होती. मी शिकलेली बाई, पण हा आजार आहे हे मला उमगलं नाही. आम्ही त्याला सैलानी बाबांच्या दर्ग्याला नेलं. आमच्या भागात डोक्याचं काही झालं की पाय आधी तिकडेच वळतात. त्यात मी सैलानीला दोष देत नाही. जवळ दुसरं दार आम्हाला माहीतच नव्हतं.

पुढे कोर्ट. कृत्य करताना आपण काय करतोय, ते चूक आहे का, हेच ज्याला मनाच्या आजारामुळे कळत नव्हतं, त्याला कायदा गुन्हेगार मानत नाही. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. ‘वेडाचं सोंग केलं की सुटतात’ असं लोक सहज बोलून जातात. ते खरं नाही. हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. महाराष्ट्र पोलिसांतल्या एका शिपायाच्या हातून आजाराच्या भरात पत्नीचा जीव गेला, त्याला हे कलम लागू करून घ्यायला २००२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. माझ्या भावाला आधी तीन वर्षं खटला चालवण्याइतकीही शुद्ध नव्हती. २०१४ मध्ये निकाल लागला, ‘निर्दोष’. तो शब्द ऐकून मोठ्या बाबांचा मुलगा कोर्टातून उठून गेला. त्याच्या जागी मी असते तर मीही उठले असते.

निर्दोष म्हटलं तरी तो घरी येणार नव्हता. अशा माणसाला न्यायालय सुरक्षित ताब्यात ठेवायला सांगू शकतं. जन्मठेपेच्या कैद्याचे घरचे निदान भिंतीवर वर्षं मोजतात. आम्ही काय मोजणार होतो?

त्याला कुठे ठेवलं होतं ते मी लिहीत नाही. तिथल्या माणसांनी त्याचा जीव वाचवला आहे आणि माझं म्हणणं ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर या चारही सरकारी मनोरुग्णालयांना सारखंच लागू आहे. दोन महिन्यांतून एकदा मी रात्रीच्या गाडीने जायची. डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा. दारावरचा मामा डबा उघडून बघायचा, चमचा काढून घ्यायचा आणि आत सोडायचा. पहिली दीड-दोन वर्षं भाऊ माझ्याकडे बघतच नसे, डब्याकडे बघायचा. ‘यात काय टाकलं?’ मग मी आधी दोन घास खायचे, तो घड्याळ लावल्यासारखा माझ्याकडे बघत राहायचा, आणि मग खायचा. साध्या गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा क्लोझापिन सुरू केलं. त्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. दंडावर सुईची जागा काळीनिळी झालेली असायची.

मग एका उन्हाळ्यात मी डबा उघडला, आणि मी हात लावायच्या आत त्याने भाकर मोडून खायला सुरुवात केली. शाळेत असते तर त्या दिवशी मी लाल शाईने लिहिलं असतं.

पुढचं अवघड होतं. २०१३ च्या पावसाळ्यात त्याने एकदम विचारलं, ‘ताई, मोठ्या बाबाची तेरवी कोणं केली?’ चार वर्षांत पहिल्यांदा त्याने त्यांचं नाव घेतलं होतं. मी सांगितलं. तो रडायला लागला तो थांबेचना. पुढच्या खेपेला गेले तर निम्मा झालेला. खाणं सुटलेलं, दाढी वाढलेली, आणि त्याची खाट सिस्टरच्या टेबलासमोर आणून ठेवलेली. मला वाटलं, सगळं मुसळ केरात. डॉक्टरांनी मला बाजूला बसवून समजावलं. आजार ओसरला की आपल्या हातून काय घडलं ते माणसाला दिसायला लागतं. अशा वेळी तो जिवाचं बरंवाईट करून घेऊ शकतो, म्हणून डोळ्यांसमोर खाट. मी ज्याला घसरण समजत होते ती सुधारणा होती. कुलपाचा खरा उपयोग मला त्या महिन्यांत कळला. घरी असता तर आम्ही त्याला गमावलं असतं.

असल्या ठिकाणाबद्दल बाहेरच्यांना एवढंच माहीत असतं, की वेडे आत आणि शहाणे बाहेर. आत प्रत्येक जण वेगवेगळ्या पायरीवर उभा असतो. कोणी घास खायला घाबरतो, कोणी सहा महिने बागेत पाणी घालतोय. कागदावर मात्र दोघेही ‘कैदी रुग्ण’. माझा भाऊ वाफे करायला लागला, नव्या आलेल्यांना गोळ्या घ्यायला बसवायला लागला, तरी कुलूप पहिल्या दिवशीचंच राहिलं. नऊ वर्षांत त्याला एक दिवसही गावाकडे सोडून बघितलं नाही.

इंग्लंडमधलं ब्रॉडमूरचं बंदिस्त मनोरुग्णालय १८६३ सालचं, आपलं नागपूरचं १८६४ चं. जवळपास एका वयाची. आज तिकडे अशा रुग्णासाठी कडक, मध्यम आणि सौम्य बंदोबस्ताची वेगवेगळी रुग्णालयं आहेत. माणूस आधी कर्मचाऱ्यासोबत आवारात फिरतो, मग एकटा, मग गावात जाऊन येतो, मग एक रात्र बाहेर राहून बघतो. बिघडलं तर एक पायरी मागे. तिथेही वर्षानुवर्षं अडकलेले लोक आहेतच. तरी पुढची पायरी कोणती, हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असतं.

आपल्याकडे २०१७ मध्ये भावाला सोडायला हरकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. अशा माणसाला सोडण्याचा हुकूम राज्य शासनाने काढायचा असतो. तो निघायला बावीस महिने लागले. कोणत्या कार्यालयात, कोणत्या टेबलावर, हे मी उगाळत बसत नाही. मला त्या बावीस महिन्यांत रोज आसामच्या मचांग लालुंगची आठवण यायची. १९५१ मध्ये आत गेलेला माणूस. १९६७ मध्ये डॉक्टर म्हणाले बरा आहे, तर त्याला घरी सोडायच्या ऐवजी तुरुंगात पाठवलं. तो बाहेर आला २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर, सत्त्याहत्तराव्या वर्षी. आपल्या राज्यातही बरं होऊन आतच राहिलेल्यांचा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांना जनहित याचिका करून मुंबई उच्च न्यायालयात न्यावा लागला.

२०१९ मध्ये भाऊ घरी आला. पहिल्या रात्री तो अंगणाच्या दारात नुसता उभा. मी म्हटलं, काय झालं रे? तर म्हणे, ‘जाऊ का?’ त्याला लघवीला जायचं होतं. नऊ वर्षं विचारून गेलेला माणूस. महिनाभर तो असाच प्रत्येक दारात थांबायचा. एक-एक रात्र घरी राहून बघायची सोय असती, तर हे सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं नसतं.

आणि मोठी माय, मोठ्या बाबांची बायको? तिचं घर आमच्या घराला लागून, मधे एक भिंत. तो येणार हे तिला कोणी आधी सांगितलं नाही. गल्लीत गाडी थांबली तेव्हा तिला कळलं. आठ दिवस तिने दार आतून लावून घेतलं. मीही सांगितलं नव्हतं, माझी हिंमत झाली नाही. हे काम बहिणीचं नव्हे. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाने गावात येऊन, ज्या घरातला माणूस गेला त्या घरी बसून, काय होणार आहे आणि काही वेगळं दिसलं तर कोणाला फोन करायचा, हे सांगायला हवं.

मी काही जगावेगळं मागत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला रजेवर सोडू देतो. सुटका करताना रुग्ण, घरचे आणि पुढे सांभाळणारे डॉक्टर यांच्याशी बोलून पुढच्या उपचाराचा आराखडा करा, असं तो सांगतो. केवळ घर नाही म्हणून कोणाला आत ठेवू नका, असंही सांगतो. हाफ-वे होम, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या मुक्कामाचं घर, त्याची सोय करणं तर शासनाचं कर्तव्यच धरलं आहे. मग बुलडाण्याला किंवा खामगावला वीस-पंचवीस माणसांचं असं एक घर काढा. जालन्याला ३६५ खाटांचं मनोरुग्णालय मंजूर आहे, चांगलंच आहे, पण नुसत्या खाटा वाढवून पायऱ्या होत नाहीत. प्रत्येक कैदी रुग्णाचा सहा महिन्यांनी लेखी आढावा घ्या, त्याची प्रत नातेवाइकांना द्या आणि पुढची पायरी कोणती ते त्यावर लिहा. डॉक्टरांनी सोडा म्हटल्यावर शासनाने तीन महिन्यांत हो किंवा नाही सांगावं. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून.

भाऊ आता सोयाबीनला फवारणी करतो, रात्री नऊला गोळी घेतो आणि महिन्याला रक्त तपासून येतो. कधी सरकारी दवाखान्यात त्याची गोळी संपलेली असते, मग मी एसटीने बुलडाण्याला जाऊन विकत आणते. मोठी माय त्याच्याशी बोलत नाही. परवा मात्र मला म्हणाली, ‘त्याची गोळी आली का वं?’

त्याला नेताना मी हमीपत्र लिहून दिलं आहे. त्याला नीट सांभाळीन, त्याच्या हातून कोणाला इजा होऊ देणार नाही, बोलावलं तेव्हा हजर करीन. खाली एकच सही आहे, माझी. मी आता त्रेसष्ट वर्षांची आहे, गुडघे गेलेत. माझ्यानंतर तिथे कोण सही करणार, हे मी तीन ठिकाणी विचारून आले. अजून उत्तर आलेलं नाही.