साहेबांना पाठवा!

आमच्या गटाची जुनी मोटार पाड्यांवर जाताना सारखी तापायची. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं आणि माझ्याकडे न बघताच सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो." साहेब नाहीत, गाडी बायकांच्या गटाची आहे, म्हटल्यावर तो नुसता हसला.

गाडी परत आणली. खणात वर्षानुवर्षं न उघडलेलं माहितीपुस्तक काढलं. इंजिन पुरतं गार झाल्यावर तिघीजणी बॅटरी घेऊन वाकलो. इंजिनात किती हवा जावी हे ठरवणारी झडप जिच्यात असते, ती थ्रॉटल बॉडी. कडाक्याच्या थंडीत तिथं बर्फ धरू नये म्हणून पुष्कळ गाड्यांत तिच्यातून गरम कूलंट फिरवतात. ते नेणाऱ्या दोन बारीक रबरी नळ्यांपैकी एक टोकाशी चिरली होती. खाली वाळलेल्या कूलंटचे डाग. एवढंच!

त्याच मापाची, कूलंटसाठीची नळी आणली. नव्या क्लिपा आवळल्या, कूलंट भरलं, आत अडकलेली हवा काढली, इंजिन चालू ठेवून गळती थांबल्याची खात्री केली. मैत्रिणींनो, दोन गोष्टी मात्र विसरू नका. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उसळतं. आणि कूलंट बहुधा विषारी असतं, चवीला गोड लागतं. सांडलेलं लगेच पुसा, मुलाबाळांपासून, कुत्र्यामांजरांपासून दूर ठेवा.

"बाईला यंत्रातलं कळत नाही" हे कुणी ठरवलं? ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मोटारीनं मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. अंतर शंभराहून जास्त किलोमीटर. तुंबलेली इंधननळी तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली, इंजिन गार राहावं म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरलं. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातली दुरुस्ती बाईनं केली. तरी आज बॉनेटपाशी उभ्या बाईला साहेब कुठे विचारतात!

काहीजणी म्हणतील, हे गाडीवाल्या बायकांचे चोचले. मग रिक्षा-टॅक्सीवर घर चालवणाऱ्या बायकांचं काय? खोट्या दुरुस्तीत त्यांची महिन्याची कमाई जाते. मारहाण झालेल्या बाईला रात्री आणायला निघालेली आपली गाडी घाटात बंद पडली, तर तेव्हा कोणत्या साहेबांना बोलवायचं?

दोष आपलाही आहे. कायदा शिकलो, आपल्या शरीराची माहिती करून घेतली, स्टिअरिंगही हाती घेतलं. बॉनेट मात्र भाऊंवर सोपवलं. प्रत्येक दुरुस्ती स्वतः करावी असं नाही. पण काय बिघडलंय हे कळलं, की भाव ठरवताना मान खाली घालावी लागत नाही. पुढच्या शिबिरात एक सत्र बॉनेट उघडून घ्या. हात काळे होतील. होऊ देत.