जुने नाणे तराजूत टाकण्यापूर्वी

पेण आणि रोहा या दोन्ही बाजारपेठांत मोडीचा धंदा फार जुना आहे. फुटका हंडा, चेपलेली परात, चांदीचे झिजलेले तोडे, सारे तराजूत पडते आणि वजनाच्या भावाने जाते. त्याच ढिगात अधूनमधून जुनी नाणीही येतात. भंगारवाले, कल्हईवाले, तांबट आणि सराफ यांच्या हातांखालून जेवढी जुनी नाणी जातात, तेवढी कोणा हौशी संग्राहकाच्या नजरेसही पडत नसतील. म्हणून या विषयावर आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांशी चार शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटते.

काही वर्षांपूर्वी रोह्याच्या बाजारात आमच्या समक्ष घडलेली गोष्ट आहे. एक वृद्ध बाई सासऱ्यांची पत्र्याची पेटी घेऊन आल्या. सासरे बोटीवर खलाशी होते. पेटीत तांबूस रंगाचे वीसेक मोठाले पैसे होते. एका बाजूस राणीचे किंवा राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस हाती त्रिशूळ व ढाल घेऊन बसलेली स्त्री. दुकानदाराने वजन केले, तांब्याच्या भावाने रक्कम दिली, बाई दुवा देऊन निघून गेल्या. फसवणूक कोणी केली नाही. दुकानदारास ठाऊक नव्हते, बाईंस नव्हते आणि आम्हांसही नव्हते. पुढे आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की त्या विलायती पेनी होत्या. तोवर माल भट्टीला गेला होता. त्यात एखादे दुर्मिळ नाणे होते की नव्हते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. आमच्या मते खरे नुकसान हेच.

विलायतेत १९७१ पर्यंत एका पौंडाच्या २४० पेनी होत. १८६० पासून ही पेनी काशाची म्हणजे तांबे, कथील व जस्त यांच्या मिश्रणाची निघू लागली. कोट्यवधींनी निघालेले हे नाणे बहुतेक वेळा किरकोळ किमतीचेच असते. पण काही सालांत बारीक फरक राहून गेले आणि त्या फरकालाच किंमत आली. १८८२ च्या पेनीवर सालाखाली इंग्रजी 'एच' हे अक्षर असते. ती बर्मिंगहॅमच्या हीटन कारखान्याची खूण. ते अक्षर नसलेली १८८२ ची अस्सल पेनी अत्यंत दुर्मिळ. १९१८ व १९१९ च्या काही पेनींवर सालाच्या डावीकडे 'केएन' अशी अक्षरे आढळतात. चांगल्या स्थितीतल्या अशा पेनीला संग्राहक शोधत असतात. १९३३ साली तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पेनी पाडल्या गेल्या. कोकणातले आमचे लोक बोटींवर गेले, केपटाऊनला गेले, पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांच्या पेट्यांतून असली नाणी गावोगाव आली. तेव्हा ती नीट पाहण्याचे काम आपल्याच बाजाराचे आहे.

आपल्या देशी नाण्यांचेही तेच. १८६२ सालचा राणी छापाचा रुपया पुष्कळ घरांत आहे. ते साल पुढे दहा-बारा वर्षे तसेच छापले गेले, आणि मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष कळावे म्हणून मागील बाजूस बारीक टिंबे दिली. टिंबे किती व कोठे, यावर किंमत बदलते. १९११ च्या रुपयावर बादशहाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. मुसलमानांत नाराजी पसरली, न वाटलेला साठा वितळवण्यात आला आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीची सोंड व पाय सुधारले गेले. १९३९ चा रुपयाही फार थोडा बाहेर आला. म्हणूनच त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत. याउलट १८३५ चा कंपनी छाप पाव आणा किंवा १९४३ नंतरचा भोकाचा पैसा, जो आमच्या कारागिरांनी वायसर म्हणूनही वापरला, ढिगाने सापडतो. जुने म्हणजे मौल्यवान, हा समज चुकीचा आहे.

दुर्मिळतेचे राहू द्या, साध्या वजनाचा हिशेबही नीट होत नाही. १९३९ पर्यंतचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला. साल न पाहता सगळ्यांना एकच घट लावणारा दुकानदार एक तर स्वतः बुडतो किंवा गिऱ्हाइकाला बुडवतो.

कारागीर बांधवांना एक कळकळीची सूचना. नाणे चिंच, लिंबू, राख किंवा तेजाबाने घासू नका. तांब्यावर चढलेला जुना रंग हीच संग्राहकाची खात्री असते. चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत पडते. हारासाठी रुपयाला कडी डाखण्यापूर्वीही साल पाहावे. डाख लागला की तो रुपया पुन्हा केवळ चांदी उरतो.

दुसरी बाजू फसवणुकीची. देवादिकांची चित्रे असलेले कंपनी सरकारचे तथाकथित नाणे लाखोंना विकले जाते, तांदूळ ओढणाऱ्या नाण्याच्या नावाने लोकांना गंडा घातला जातो. कंपनीने चलनात आणलेल्या पाव आण्यावर, अर्ध्या आण्यावर राम, हनुमान कधीच नव्हते. जुने नाणे लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असे फोन येतात. असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही, आपण त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. जो विकत घेणार तो आधी पैसे मागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

कायदाही माहीत हवा. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांस कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आखातातल्या नातेवाइकाकडे सहज म्हणून देण्याचा मोह टाळावा.

आता कोणी म्हणेल, दिवसभराच्या गर्दीत एकेक नाणे पाहायला वेळ कोणाला? आमचे म्हणणे थोडकेच आहे. दुकानात एक भिंग ठेवा. मोडीतून निघालेली नाणी वेगळ्या डबीत काढा, आठ दिवस भट्टीला देऊ नका, जाणकाराला दाखवा. विकणाऱ्याचे नाव वहीत लिहा. नाणे पुढे चांगल्या भावाने गेले तर त्याला किती हिस्सा द्यायचा, हे आधीच ठरवून कागदावर आणा. दुकानदाराचा नफा बुडत नाही आणि पेटी घेऊन येणाऱ्या बाईंचा हकही राहतो. असे दुकान चार गावांत नावाजते आणि पुढची पेटीही तेथेच येते.

रोह्याशी नाते असलेले सी. डी. देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. ज्या गावाच्या माणसाची सही नोटांवर गेली, त्या गावाच्या बाजाराने नाणे ओळखू नये, हे काही शोभत नाही.

शेवटी एक नाणे डोळ्यांपुढे ठेवा. मुंबई इलाख्यासाठी १७९१ साली बर्मिंगहॅममध्ये पाडलेला कंपनीचा तांब्याचा पैसा. त्यावर एक तराजू आहे आणि दोन पारड्यांच्या मधोमध अरबी अक्षरांत एकच शब्द: अदल, म्हणजे न्याय. तो पैसा कधी तुमच्या तराजूत आला, तर वजन करण्यापूर्वी त्यावरचा शब्द वाचावा, एवढीच आमची विनंती.