पहिली डर्टबाइक: किती सीसीची?

हॅलिफॅक्समध्ये बर्फ वितळला की आपल्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास विचारतं, "रानात चालवायला बाइक घ्यायचीय, किती सीसीची घेऊ?" पुण्या-नाशकात वाढलेल्या माणसाला सीसी म्हणजे इज्जत! पण मला विचाराल तर नवशिक्याने सीसी सगळ्यात शेवटी बघावेत.

नोव्हा स्कोशियाची जमीन हिमनद्यांनी खरवडलेली. ग्रॅनाइटचे धोंडे, झाडांची मुळं, मध्येच दलदल. इथे नवशिका पडणारच, आणि रानात मोबाइलला रेंज असेलच असं नाही. तेव्हा आडवी पडलेली गाडी एकट्याने, दमलेलं असताना उचलता येते का, ही पहिली परीक्षा.

पण नुसत्या वजनावरही जाऊ नका. होंडाची शर्यतीची सीआरएफ ४५०आर साधारण ११० किलोची, तर सीआरएफ २५०एफ १२० किलोची. म्हणजे ४५० चक्क हलकी! पण तिची सीट सुमारे ९६५ मिलिमीटर उंच, थ्रॉटल जरा जास्त पिळला की गाडी पुढे आणि आपण मागे. शिवाय इंजिनची देखभाल तासांच्या हिशोबाने. २५०एफची सीट ८८३ मिलिमीटर, इंजिन एअर-कूल्ड, कमी आरपीएमलाही शांतपणे ओढणारं. शिकायला हेच हवं. भारतात २०१९ साली आलेल्या हीरोच्या एक्सपल्स २०० मागेही हाच साधा विचार दिसतो.

वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि घोट्यावर येणारे भक्कम बूट घ्या. गाडी पुढच्या वर्षी मोठी घेता येते, गुडघा नवा मिळत नाही!